'खिचडी'च्या आधी चिमणराव: टीव्हीवरची विनोदी मालिका मोठ्या पडद्यावर गेली की नेमकं काय होतं?

घिवली हे पालघर तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. शेजारी तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, जवळचं रेल्वे स्टेशन बोईसर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावतेय. त्यामुळे या पट्ट्यातले हजारो लोक रोजचे दोन-तीन तास गाडीत काढतात आणि त्यातला बराचसा वेळ मोबाईलच्या स्क्रीनवर जातो.

त्या स्क्रीनवर एक गोष्ट हमखास दिसते. हंसा प्रफुलला एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारते, प्रफुल आत्मविश्वासाने भलताच अर्थ सांगतो आणि तीस सेकंदात रील संपतं. 'खिचडी' ही मालिका टीव्हीवर आली २००२ मध्ये. आज ते रील फॉरवर्ड करणाऱ्या अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

या रील्सच्या खाली एक माहितीही फिरत असते. 'खिचडी' ही सिनेमा निघालेली भारतातली पहिली टीव्ही मालिका, अशी.

ही माहिती खरी आहे का? हिंदीपुरतं बोलायचं तर तो दावा बराच जुना आहे. पण 'भारतातली पहिली' म्हटलं की मराठी माणसाने जरा थांबायला हवं. कारण 'खिचडी: द मूव्ही' आला २०१० मध्ये आणि 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा मराठी सिनेमा आला १९७९ मध्ये. म्हणजे तब्बल ३१ वर्षं आधी.

मग चिमणराव या यादीतून गायब कसा झाला? आणि गाजलेल्या विनोदी मालिकांचे सिनेमे कधी जमतात, कधी फसतात, ते का? समजून घेऊया.

चिमणरावांचे तीन जन्म

चिमणराव मुळात टीव्हीचा नाही, पुस्तकाचा. लेखक चिंतामण विनायक जोशी, म्हणजे चिं. वि. जोशी (१८९२-१९६३). पाली भाषेचे अभ्यासक, बडोद्यात प्राध्यापकी. एवढ्या गंभीर विषयाच्या माणसाने पुण्यातला एक भित्रा, भिडस्त, मध्यमवर्गीय गृहस्थ उभा केला आणि त्याच्या जोडीला दिला आडदांड, फटकळ गुंड्याभाऊ. एक संकटापासून पळणारा, दुसरा संकटाला अंगावर घेणारा.

या जोडीचा पडद्यावरचा पहिला जन्म झाला १९४० मध्ये. मास्टर विनायक यांनी नवयुग चित्रपट संस्थेसाठी 'लग्न पहावे करून' काढला. दामुअण्णा मालवणकर झाले चिमणराव आणि विष्णुपंत जोग झाले गुंड्याभाऊ. जोडी इतकी आवडली की १९४२ मध्ये त्याच मंडळींचा 'सरकारी पाहुणे' आला. म्हणजे सिनेमाचा 'पार्ट टू' काढायची युक्ती काही आजची नाही.

दुसरा जन्म टीव्हीवर. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. (तारापूरचं केंद्र १९६९ पासूनच वीज बनवत होतं. म्हणजे या भागात बनलेली वीज आधी आणि ती वीज खाणारा मुंबईचा टीव्ही तीन वर्षांनंतर.) १९७० च्या दशकाच्या अखेरीस निर्मात्या विजया जोगळेकर-धुमाळे यांनी 'चिमणराव' ही मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठीतली पहिली मालिका म्हणून तिचं नाव आजही घेतलं जातं.

तेव्हा टीव्ही कृष्णधवल होता, चॅनेल एकच होतं आणि आळीत एखाद्याच घरी संच असायचा. ज्या घरी टीव्ही, त्या घराच्या ओसरीत, खिडकीत, दारात चपलांचा ढीग पडायचा. चिमणरावाला हसताना एकटं कुणी हसत नव्हतं.

तिसरा जन्म १९७९ चा. विनय धुमाळे यांच्या दिग्दर्शनाखाली 'चिमणराव गुंड्याभाऊ' सिनेमा आला आणि त्यात तेच प्रभावळकर, तेच कर्वे होते.

पण हा सिनेमा मालिकेवरून की पुस्तकावरून?

इथे कुणी हरकत घेऊ शकतं. मूळ पुस्तक असताना मालिकेवरचा सिनेमा म्हणायचा कसा?

हरकत रास्त आहे. कागदोपत्री श्रेय चिं. विं.चंच. पण प्रश्न असा आहे की १९७९ मध्ये प्रेक्षक कोणाला ओळखून थिएटरात जाणार होता? १९४० च्या जोडीला पाहिलेली पिढी तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेली होती. बाकीच्यांसाठी चिमणराव म्हणजे प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे कर्वे. हे चेहरे टीव्हीने दिले होते. निर्मात्यांनी नवी जोडी न शोधता तीच घेतली, यातच उत्तर आलं.

त्यामुळे 'पहिला' हा शिक्का मारायचा की नाही यावर वाद घाला. पण या गोष्टीची सुरुवात २०१० पासून करता येत नाही, एवढं नक्की.

मालिकेचा सिनेमा करणं अवघड का?

विनोदी मालिकेचं यंत्र वेगळ्या पद्धतीने चालतं. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली गोष्ट वेळेची. मालिकेचा भाग जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा असतो. एक घोळ, तो वाढणं, फजिती, संपलं. सिनेमाला दोन तास भरायचे असतात. वीस मिनिटांचा विनोद सहापट ताणला की तो सहापट विनोदी होत नाही.

दुसरी गोष्ट बदलाची. मालिकेतली माणसं शहाणी होत नाहीत, होऊन चालतही नाही. या आठवड्यात हंसा शहाणी झाली तर पुढच्या आठवड्यात मालिका कशी चालणार? सिनेमात मात्र प्रेक्षकाला प्रवास हवा असतो. सुरुवातीला माणूस एका जागी होता, शेवटी दुसऱ्या जागी पोचला, असं काहीतरी. म्हणजे मालिकेचं बळ असतं तेच सिनेमात अडचण होतं.

तिसरी गोष्ट सवयीची. मालिका घरात येते. रोज किंवा दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, जेवताना. तिच्याशी शेजारधर्म असतो. सिनेमासाठी मात्र तिकीट काढून, कपडे बदलून बाहेर पडावं लागतं. घिवलीसारख्या गावातून तर आधी बोईसर गाठावं लागतं. शेजारी रोज चहाला येतो म्हणून त्याला भेटायला तिकीट काढून कोणी जाईल का, हा खरा प्रश्न.

या तीन अडचणींवर निर्मात्यांनी वेगवेगळे तोडगे काढले. त्यातले चार पाहू.

तोडगा १: एक मोठा घोळ घाला ('खिचडी', २०१०)

'खिचडी' मालिकेचा पाया सोपा होता. पारेख कुटुंबाला जुनी हवेली विकून मोकळं व्हायचंय, बाबूजी नाही म्हणतात, म्हणून सगळे एकाच छताखाली अडकलेले. भांडायला जागा तीच, माणसं तीच.

सिनेमा दिग्दर्शित केला आतिश कपाडिया यांनी, तेच मालिकेचे लेखक. त्यांनी हवेलीच्या भांडणाऐवजी एक प्रेमकथा घेतली. हिमांशूला जगाने लक्षात ठेवावी अशी अजरामर प्रेमकहाणी हवी आहे. अनंग देसाई, राजीव मेहता, सुप्रिया पाठक, जे. डी. मजेठिया ही मूळ मंडळी होती. जयश्रीच्या भूमिकेत मात्र मालिकेतल्या वंदना पाठक यांच्याऐवजी निमिषा वखारिया दिसल्या. कीर्ती कुल्हारी ही पुढे नावाजलेली अभिनेत्रीही याच सिनेमातून लोकांसमोर आली.

इथे एक हुशारी होती. बदलाची अडचण सोडवायला सिनेमाने बदलाचीच टिंगल केली. मोठ्या प्रेमकथेत जे जे घडतं ते आपल्याही बाबतीत घडावं असा हट्ट धरणारी आणि अजिबात न बदलणारी माणसं, हाच विनोद. म्हणून 'खिचडी' सिनेमा झाला तरी 'खिचडी'च राहिला.

तोडगा २: घराबाहेर काढा ('खिचडी २', २०२३)

तेरा वर्षांनी 'खिचडी २: मिशन पांथुकिस्तान' आला. नोव्हेंबर २०२३. वंदना पाठक परतल्या. यावेळी पारेख कुटुंब पांथुकिस्तान नावाच्या काल्पनिक देशात गुप्त मोहिमेवर गेलं, कारण तिथल्या हुकूमशहाचा चेहरा हुबेहूब प्रफुलसारखा.

ही युक्ती जगभरातली. ब्रिटनच्या 'मिस्टर बीन'चंच पहा. १९९० ते १९९५ मध्ये टीव्हीवर आलेला बीन साध्या घरात, साध्या गाडीत, साध्या दुकानात गडबड करायचा. १९९७ च्या सिनेमात तो अमेरिकेत गेला, २००७ च्या सिनेमात फ्रान्सला. बीनच्या बाबतीत ते चाललं, कारण तो कुठेही परकाच असतो. लंडनमध्येही तो चंद्रावरून आल्यासारखाच वागतो.

पारेख कुटुंबाचं तसं नाही. त्यांचा विनोद त्यांच्या दिवाणखान्याला चिकटलेला आहे. हंसाचा झोपाळूपणा, बाबूजींचा वैताग, जयश्रीचं गॉसिप यांना मजा येते ती रोजच्या कंटाळवाण्या घरात. बाहेर रणगाडे आणि हुकूमशहा आले की आजूबाजूचं सगळंच विचित्र होतं, आणि मग ही माणसं वेगळी उठून दिसत नाहीत. वेड्यांच्या गावात वेडा ओळखू येत नाही.

तोडगा ३: रचनाच बदला ('ऑफिस ऑफिस', २०११)

२००१ पासून सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' ही मालिका होती. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात एका नव्या सरकारी कार्यालयात जायचा आणि प्रत्येक ठिकाणी तेच पाच जण नव्या हुद्द्यावर बसलेले असायचे. देवेन भोजानी, मनोज पाहवा, संजय मिश्रा, हेमंत पांडे आणि आपल्या आसावरी जोशी. ऑफिस कुठलंही असो, माणसं तीच. ही नुसती गंमत नव्हती, मालिकेचं म्हणणंच ते होतं.

५ ऑगस्ट २०११ ला राजीव मेहरा दिग्दर्शित 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' प्रदर्शित झाला. कथा अशी की पेन्शनच्या कागदपत्रांत मुसद्दीलाल मृत दाखवला जातो आणि मग जिवंत माणसाला 'मी जिवंत आहे' हे सिद्ध करत खेटे घालावे लागतात. विषय जबरदस्त. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत, ट्रेझरीत फेऱ्या मारणारे निवृत्त लोक ज्याच्या घरात आहेत, त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वेळही अशी जुळली की पुढच्याच पंधरवड्यात, १६ ऑगस्टला, दिल्लीत अण्णा हजारे यांचं लोकपालसाठीचं आंदोलन पेटलं. भ्रष्टाचाराचा विषय प्रत्येक घरात होता. तरीही हा सिनेमा मालिकेसारखा लोकांच्या तोंडी बसला नाही.

का? मालिकेत दर भागाच्या शेवटी मुसद्दीलालची फजिती मागे पडायची आणि पुढच्या भागात तो नव्याने रांगेत उभा राहायचा. त्या पुन्हा पुन्हा उभं राहण्यातच खरी टीका होती. व्यवस्था कधी संपत नाही. सिनेमात मात्र शेवट करावा लागतो. आणि अशा गोष्टीला शेवट दिला की प्रेक्षक सुटकेचा नि:श्वास टाकतो, चिडत नाही.

तोडगा ४: चेहरेच बदला ('डॅड्स आर्मी', १९७१ आणि २०१६)

मालिका तीच पण दोन सिनेमे, दोन वेगळ्या संचांचे. असा थेट तुलनेचा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. 'डॅड्स आर्मी' ही बीबीसीची मालिका १९६८ ते १९७७ या काळात चालली, ८० भाग झाले. विषय दुसऱ्या महायुद्धाचा. सैन्यात जायला वय उलटून गेलेले गावातले लोक होमगार्ड म्हणून किनाऱ्याचं रक्षण करतायत, आणि नेतृत्व बँकेच्या मॅनेजरकडे.

१९७१ मध्ये मालिका चालू असतानाच पहिला सिनेमा आला. आर्थर लो, जॉन ल मेझ्युरिए, क्लाइव्ह डन, सगळे मूळ कलाकार. त्यात अर्धा वेळ पलटण कशी उभी राहिली हे पुन्हा सांगण्यात गेला आणि मग जर्मन वैमानिक चर्चच्या हॉलमध्ये लोकांना ओलीस धरतात असा शेवट. म्हणजे टीव्हीवर लोकांनी फुकट पाहिलेलं काही तिकीट घेऊन पुन्हा दाखवलं.

४५ वर्षांनी, २०१६ मध्ये, दुसरा सिनेमा आला. टोबी जोन्स, बिल नाय यांच्यासारखे नावाजलेले नट आणि सोबत गुप्तहेराच्या भूमिकेत कॅथरिन झीटा-जोन्स. मूळ संचातले इयन लॅव्हेंडर आणि फ्रँक विल्यम्स छोट्या भूमिकांत मान देण्यापुरते दिसले. नट कमी प्रतीचे नव्हतेच. पण मूळ चेहऱ्यांशी तुलना झाल्याशिवाय राहिली नाही, आणि त्या तुलनेत कोणताही नवा नट आधीच हरलेला असतो.

आता चिमणरावाकडे परत या. १९४० ची जोडी आणि १९७९ ची जोडी पूर्ण वेगळी, तरी प्रभावळकर-कर्वे स्वीकारले गेले. हे कसं?

एक कारण म्हणजे मधलं अंतर. मध्ये जवळपास चार दशकं गेली होती आणि तेव्हा जुना सिनेमा हवा तेव्हा काढून बघायची सोय नव्हती. यूट्यूब नाही, कॅसेट नाही. दुसरं कारण, मूळ पुस्तक. चिं. विं.चे लेख चिमणराव स्वतःच सांगतो. वाचकाच्या डोक्यात त्याचा आवाज असतो, चेहरा नसतो. चेहऱ्याची जागा रिकामी असेल तर प्रत्येक पिढी आपला चिमणराव बसवू शकते. प्रफुल किंवा मुसद्दीलाल यांच्याबाबत ती जागा रिकामी नाही. ते पात्र आणि तो नट एकदमच जन्माला आले.

म्हणून पुस्तकातून आलेलं पात्र नट बदलला तरी जगतं. टीव्हीने जन्माला घातलेलं पात्र बहुतेकदा नटासोबतच थांबतं.

मग यात आपल्या कामाचं काय?

इथपर्यंत ही गोष्ट आवडीनिवडीची वाटेल. कुणाला सिनेमा आवडला, कुणाला नाही, त्यात एवढं काय. पण याला एक दुसरी बाजू आहे.

त्या काळी टीव्ही कार्यक्रमांची टेप महाग होती. एका कार्यक्रमाच्या टेपवर दुसरा कार्यक्रम रेकॉर्ड करणं ही रोजची गोष्ट होती. बीबीसीनेही तेच केलं. त्यामुळे 'डॅड्स आर्मी'च्या ८० पैकी तीन भागांचं चित्रीकरण आजही सापडलेलं नाही. लोकांना त्याची इतकी हळहळ वाटली की २०१९ मध्ये मूळ संहितेवरून, नव्या नटांना घेऊन, ते तीन भाग पुन्हा चित्रित करण्यात आले.

'चिमणराव' मालिकेचीही सगळी पुंजी शिल्लक नाही. मोजकेच भाग टिकले. ज्या मालिकेने मराठी घरांना टीव्हीसमोर बसायची सवय लावली, ती आजच्या प्रेक्षकाला सलग बघायला मिळत नाही. आणि तीन भागांसाठी ब्रिटनमध्ये झाली तशी खटपट आपल्याकडे झाली नाही.

अशा वेळी सिनेमाचं महत्त्व बदलतं. १९७९ मध्ये तो मालिकेची शेपूट होता. आज त्या जोडीला एकत्र, सलग, पूर्ण लांबीच्या गोष्टीत पाहायचा तो मोठा आधार आहे. सिनेमा चांगला झाला की वाईट हा प्रश्न तेव्हाचा. आता तो पुरावा आहे.

अर्थात सिनेमाही अमर नसतो. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, तरी २००३ च्या आगीत तिथल्या जुन्या नायट्रेट प्रिंट जळाल्या. पण सिनेमा जपायला निदान एक संस्था, एक पद्धत होती. टीव्हीला 'आज दाखवलं, उद्या विसरलं' असंच वागवलं गेलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले. त्या दिवशी सगळीकडे 'गुंड्याभाऊ गेले' असेच मथळे होते. एवढ्या वर्षांनंतरही माणसाच्या नावाआधी पात्राचं नाव आलं, यापेक्षा मोठी पावती नाही. पण बातमी वाचून विशीतल्या कुणी शोध घेतला असेल, तर त्याच्या हाती काय लागलं? थोडे फोटो, थोड्या आठवणी, मोजके तुकडे.

थोडक्यात सांगायचं तर

विनोदी मालिकेचा सिनेमा जमतो तो पात्रांना त्यांच्या स्वभावासकट ठेवल्यावर. 'खिचडी' पहिल्या वेळी जमला, कारण माणसं बदलली नाहीत. दुसऱ्या वेळी घसरला, कारण घर सुटलं. 'ऑफिस ऑफिस' अडखळला, कारण न संपणाऱ्या गोष्टीला शेवट द्यावा लागला. 'डॅड्स आर्मी'ने दाखवलं की मूळ चेहरे असले तरी नवं काही लागतं, आणि नवे चेहरे असले तर जुन्यांची सावली पडतेच.

आणि 'भारतातली पहिली' असा मजकूर पुन्हा कुठे दिसला तर खाली एक ओळ लिहायला हरकत नाही: १९७९, 'चिमणराव गुंड्याभाऊ'.

कारण हंसा-प्रफुलच्या रील्स हजारो मोबाईलमध्ये जमा आहेत, त्या सहज पुसल्या जाणार नाहीत. चिमणरावाच्या टेप पुसल्या गेल्या. त्याला राहायला आता पुस्तकं आहेत, एक सिनेमा आहे, आणि लोकांची आठवण.